ब्लॅक फ्लॅग: गायक बदलत गेले, गिटार मात्र एकाचीच

चार काळ्या उभ्या पट्ट्या, एकमेकींपेक्षा थोड्या वरखाली सरकलेल्या. हा लोगो टीशर्टवर नाहीतर कोणाच्या तरी दंडावर तुम्ही पाहिला असणारच, बँड ऐकला नसला तरी. तो ब्लॅक फ्लॅगचा. अमेरिकन हार्डकोर पंक म्हटलं की पहिल्या दोनतीन नावांत हे नाव येतंच, आणि नवीन माणूस उत्साहाने ऐकायला गेला की हमखास गोंधळतो, कारण एका रेकॉर्डवर एक गायक, पुढच्यावर दुसरा, त्याच्या पुढच्यावर तिसरा, ड्रमरचं तर विचारूच नका, आणि २०१३ मध्ये तर याच बँडची जुनी माणसं दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी गिग करत होती, वर कोर्टकचेरी सुरू. म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमाने सांगून टाकू, कोण कधी आलं, कोण का गेलं, आणि गेल्यामुळे आवाजात काय फरक पडला.

आधी हार्डकोर म्हणजे काय ते थोडक्यात. १९७६-७७ चं पंक, म्हणजे रमोन्स, सेक्स पिस्टल्स वगैरे, हे तसं अजून रॉक अँड रोलच होतं, फक्त सोपं आणि उद्धट. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या छोट्या गावांतली, वॉशिंग्टनमधली, व्हँकूव्हरमधली पोरं तेच अजून फास्ट, अजून छोटं आणि अजून रागीट वाजवायला लागली. गाणं मिनिटभराचं. सोलो असला तर विचित्र, नाहीतर नाहीच. रेकॉर्ड कंपनी दारात उभी करत नाही ना, मग रेकॉर्ड आपणच काढायची, पोस्टर आपणच चिकटवायचं, व्हॅन आपणच चालवायची.

आता ब्लॅक फ्लॅग समजून घ्यायची किल्ली सांगतो. आपल्याकडे तमाशाचा फड कसा फडमालकाचा असतो, ढोलकीवाला, सोंगाड्या यंदा इथे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात, पण फड तोच राहतो, तसं इथे. फडमालक म्हणजे ग्रेग गिन. गिटार त्याची, बरीचशी गाणी त्याची, आणि रेकॉर्ड कंपनीसुद्धा त्याचीच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

गिन जन्मला १९५४ मध्ये. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला हर्मोसा बीच नावाचं गाव आहे, तिथला. लहानपणापासून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद, बाराव्या वर्षी म्हणजे १९६६ मध्ये त्याने रेडिओचे पार्ट टपालाने विकायचा धंदा काढला आणि नाव ठेवलं सॉलिड स्टेट ट्रान्समीटर्स, एसएसटी. पुढे यूसीएलएमधून इकॉनॉमिक्सची डिग्री घेतली. गिटार उशिरा, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास हातात घेतली. आणि पंकवाला असूनही हा माणूस ग्रेटफुल डेड या लांबलचक गाणी रंगवत बसणाऱ्या हिप्पी बँडचा पक्का फॅन, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. स्टेजवर त्याच्याकडे डॅन आर्मस्ट्राँगची आरपार दिसणारी पारदर्शक प्लेक्सिग्लासची गिटार असायची, जुने फोटो बघा.

१९७६ मध्ये त्याने कीथ मॉरिसबरोबर बँड सुरू केला. मॉरिस वडलांच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काम करायचा. बँडचं पहिलं नाव पॅनिक. बास वाजवणारा माणूस काही केल्या टिकेना, प्रॅक्टिसला येईना, मग बासशिवायच प्रॅक्टिस, आणि त्यामुळे गिन गिटारच अशी वाजवायला लागला की खालचा भरीव आवाज तीच भरून काढेल. त्याची ती घरघरणारी जाड गिटार आली ती अशी, अडचणीतून. नंतर वर्म नावाच्या बँडमधला गॅरी मॅकडॅनियल बासवर आला, याने पुढे चक डुकॉव्स्की हे नाव घेतलं, ड्रमवर ब्रायन मिगडॉल. पॅनिक नावाचा दुसरा बँड आधीच आहे असं कळल्यावर नाव बदललं. नवीन नाव आणि त्या चार पट्ट्या दोन्ही गिनच्या धाकट्या भावाने दिल्या, तो म्हणजे रेमंड पेटीबॉन, जो पुढे चित्रकार म्हणून बँडपेक्षाही मोठ्या जगात गेला. काळा झेंडा अराजकवाद्यांचा, शिवाय अमेरिकेत त्या नावाचा किडे मारायचा स्प्रेसुद्धा मिळतो. दोन्ही अर्थ यांना चालत होते.

१९७८ च्या जानेवारीत चार गाणी रेकॉर्ड केली. बॉम्प नावाचं लेबल ती काढणार होतं पण काम रेंगाळत राहिलं, शेवटी गिनने वैतागून स्वतःच्याच रेडिओ पार्टच्या कंपनीच्या नावाने रेकॉर्ड काढली. 'नर्व्हस ब्रेकडाउन', एसएसटीची पहिली रेकॉर्ड, चार गाणी मिळून साधारण पाच मिनिटं. चहा उकळेपर्यंत संपते. पण मॉरिसचा आवाज ऐका, रडका, चिडका, तोतरेपणाच्या काठावरचा, जणू काहीतरी फुटणार आहे आणि त्याला स्वतःलाच त्याची गंमत वाटतेय. माझ्या मते हा विनोद नंतरच्या एकाही गायकाकडे तसा नाही.

याच लाईनअपचा, फक्त ड्रमवर आता रोबो, एक किस्सा सांगायलाच हवा. जुलै १९७९, मॅनहॅटन बीच गावातली पॉलिवॉग पार्क नावाची बाग, रविवार, फॅमिली पिकनिकला आलेल्या. बँडने पालिकेच्या लोकांना आपण साधंसुधं, फ्लीटवुड मॅकसारखं वाजवतो असं सांगून परवानगी मिळवलेली. पहिल्या गाण्यातच लोकांना कळलं काय ते आणि मग सँडविच, कलिंगडाची सालं, केळ्याची सालं, कॅन, जे हाती येईल ते स्टेजवर. बँड वाजवत राहिला.

रोबो म्हणजे रॉबर्टो व्हॅल्व्हर्दे, कोलंबियाचा, हातात कडी घालून वाजवायचा आणि ती कडी वाजताना रेकॉर्डवर ऐकू येतात असं म्हणतात. त्याचा ठोका सरळ, लष्करी, फाटे न फोडणारा. त्याच्याबद्दल पुढे येतंय.

१९७९ मध्येच मॉरिस गेला. गिनची प्रॅक्टिस म्हणजे रोज, तासन्तास, सुट्टी जवळपास नाही, आणि मॉरिसला पार्टी आवडायची. त्याने सर्कल जर्क्स नावाचा बँड काढला, तोही मोठा झाला. त्याच्या जागी आला रॉन रेयेस, बँडच्याच गर्दीतला पोरगा, हर्मोसा बीचमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत बँड राहायचा आणि प्रॅक्टिस करायचा तिथेच कपाटाएवढ्या जागेत राहणारा. पेनेलोपी स्फीरिसच्या 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या डॉक्युमेंटरीत ब्लॅक फ्लॅग दिसतो त्यात गातोय तो हाच. पण तोपर्यंत गिगमध्ये मारामाऱ्या वाढल्या होत्या, नवीन दणकट पोरं नाचायला कमी आणि कोणाला तरी हाणायला जास्त येत होती. १९८० मध्ये रेडोंडो बीचच्या फ्लीटवुड क्लबात दोन गाण्यांनंतर रेयेस हे सगळं बघून चक्क स्टेज सोडून निघून गेला. गायक नाही, हॉल भरलेला, मग बँडने 'लुई लुई' हे जुनं रॉक गाणं धरलं आणि बराच वेळ तेच वाजवत राहिले, ज्याला वाटेल त्याने वर येऊन गायचं. रेयेस नंतर 'जेलस अगेन' ही ईपी, म्हणजे चारपाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड, करायला परत आला पण राग गेला नव्हता, रेकॉर्डवर त्याच्या खऱ्या नावाऐवजी एक गलिच्छ टोपणनाव छापलं गेलं. हा असा हिशेब चुकता करायची सवय या बँडला कायमच राहिली.

तिसरा गायक डेझ कडीना. याचे वडील ओझी कडीना जॅझच्या रेकॉर्डचे नावाजलेले प्रोड्यूसर, आणि पोरगा इथे घसा फोडतोय. डेझचा आवाज सगळ्यात खरबरीत, 'सिक्स पॅक'मध्ये ऐकाच, पण रोज तसं ओरडून टूर करायची म्हणजे घसा जाणारच. त्याला मुळात गिटार वाजवायची होती. म्हणजे जागा पुन्हा रिकामी, फक्त या वेळी भांडणाशिवाय.

इथे आता सगळ्यात गाजलेला बदल. हेन्री गार्फील्ड, वीस वर्षांचा, वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर, आणि एस.ओ.ए. नावाच्या छोट्या हार्डकोर बँडचा गायक. मायनर थ्रेटचा इयन मकाय हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. १९८१ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला ब्लॅक फ्लॅग बघायला गाडी चालवत गेला. सकाळी परत दुकानावर हजर व्हायचं होतं म्हणून त्याने 'क्लॉक्ड इन' गाण्याची फर्माईश केली, ते गाणं नोकरीवर हजेरी लावण्याबद्दलच आहे, आणि मग स्वतःच स्टेजवर चढून गायला लागला. काही दिवसांनी फोन आला, ऑडिशनला ये. प्रॅक्टिसच्या खोलीत जवळजवळ सगळी गाणी गायला लावली आणि घेतला. मकायला विचारलं, तो म्हणाला जा. नोकरी सोडली, गार्फील्डचा रॉलिन्स झाला आणि हा लॉस एंजेलिसला पोचला.

आता बँड पाच जणांचा: रॉलिन्स, गिन, दुसऱ्या गिटारवर डेझ, बासवर डुकॉव्स्की, ड्रमवर रोबो. याच पाच जणांनी १९८१ मध्ये 'डॅमेज्ड' हा अल्बम केला. कव्हरवर रॉलिन्सने मुठीने आरसा फोडलाय असं दिसतं, प्रत्यक्षात आरसा हातोडीने फोडलेला आणि रक्त म्हणजे लाल शाई आणि कॉफी. पण आतला आवाज मात्र खोटा नाही. दोन गिटार असल्यामुळे भिंतीसारखा जाड, आणि रॉलिन्स मॉरिससारखा हसत नाही, रेयेससारखा चिडचिडत नाही, तो स्वतःलाच बडवतोय असं वाटतं. बँडला यानंतर गंभीर चेहरा आला. चांगलं की वाईट यावर आजही जुने लोक भांडतात. मला विचाराल तर या पाच जणांइतका नेमका ब्लॅक फ्लॅग आधी नव्हता आणि नंतरही झाला नाही, आणि ती लाईनअप टिकली जेमतेम काही महिने.

कारण दोन संकटं लागोपाठ आली. पहिलं रोबोचं. १९८१ च्या शेवटी बँड इंग्लंडला गेला आणि व्हिसाच्या भानगडीत रोबोला परत अमेरिकेत येताच येईना. डिसेंडंट्स नावाच्या बँडच्या बिल स्टीव्हन्सनने तात्पुरती वेळ मारून नेली. मग एमिल जॉन्सन नावाचा कोवळा पोरगा काही काळ, मग कॅनडाच्या डी.ओ.ए.मधला चक बिस्किट्स. बिस्किट्स जबरदस्त, १९८२ चे त्याच्याबरोबरचे डेमो फॅन लोक चोरून कॉपी करून वर्षानुवर्षं ऐकत आलेत, बँडने ते कधी नीट काढलेच नाहीत. तोही त्याच वर्षी निघून गेला. रोबो पुढे मिसफिट्समध्ये गेला.

दुसरं संकट कंपनीचं. 'डॅमेज्ड' युनिकॉर्न नावाच्या लेबलबरोबर निघणार होता, आणि वितरण एमसीए ही बडी रेकॉर्ड कंपनी करणार होती. एमसीएच्या वितरण विभागाच्या प्रमुखाने रेकॉर्ड ऐकली आणि म्हणाला, हे आईबापांच्या विरोधातलं आहे, आम्ही विकणार नाही. बँडने काय करावं, त्याचंच ते वाक्य स्टिकरवर छापून रेकॉर्डवर चिकटवलं. मग युनिकॉर्नशी पैशांवरून केस झाली आणि कोर्टाने हुकूम काढला की केस मिटेपर्यंत ब्लॅक फ्लॅग या नावाने नवीन काही काढायचं नाही. गिन आणि डुकॉव्स्कीने तरी १९८२ मध्ये 'एव्हरीथिंग वेंट ब्लॅक' हा जुन्या रेकॉर्डिंगचा डबल अल्बम काढला, कव्हरवर बँडचं नाव नाही, फक्त माणसांची नावं. कोर्टाला हे काही पटलं नाही. कोर्टाचा अवमान म्हणून १९८३ मध्ये दोघं पाच दिवस लॉस एंजेलिसच्या तुरुंगात जाऊन आले. त्याच वर्षी युनिकॉर्नचं दिवाळं निघालं आणि बँड सुटला.

लाईनअपचा गुंता सोडवायचा असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी हाच डबल अल्बम ऐकावा, कारण त्यात रॉलिन्सच्या आधीचे तिन्ही गायक ओळीने आहेत आणि तीच तीच गाणी गातायत. 'डिप्रेशन' घ्या. आधी मॉरिसचं, मग रेयेसचं, मग डेझचं, आणि शेवटी 'डॅमेज्ड'वरचं रॉलिन्सचं. गिटारची चाल तीच. मॉरिसकडे ती तक्रार वाटते, रेयेसकडे घाई, डेझकडे ती घशातून खरवडून निघते, आणि रॉलिन्सकडे येईपर्यंत तेच गाणं आजाराचा रिपोर्ट होऊन बसलेलं असतं. 'गिमी गिमी गिमी'चंही तसंच. एवढं ऐकलं की पुढचं कोणीही न सांगता कळतं.

१९८३ मध्ये डेझ स्वतःचा बँड काढायला गेला. पण मोठा धक्का म्हणजे डुकॉव्स्की. हा नुसता बासवाला नव्हता, बँडचा मेंदू होता, बोलणारा, टूर ठरवणारा, पोरांना तत्त्वज्ञान ऐकवणारा. गिनला आता संथ, जड, ब्लॅक सबाथच्या वळणाचं काहीतरी हवं होतं आणि डुकॉव्स्कीचा बास त्याला त्यात बसत नव्हता. बरेच महिने कुरबुर चालली आणि शेवटी डुकॉव्स्की बाहेर. पण तो गेला कुठे, तर एसएसटीच्या ऑफिसात, याच बँडच्या टूर बुक करायला. आणि पुढच्या अल्बमचं शीर्षकगीत 'माय वॉर', जे गाणं रॉलिन्सची ओळख बनलं, ते याच डुकॉव्स्कीने लिहिलेलं. म्हणजे ज्याला काढलं त्याच्याच गाण्याने अल्बम उघडतो!

मार्च १९८४ मध्ये 'माय वॉर' आला तेव्हा बँडमध्ये प्रत्यक्षात तीनच जण होते, रॉलिन्स, गिन आणि ड्रमवर आता पक्का झालेला बिल स्टीव्हन्सन. बासवर डेल निक्सन असं नाव छापलंय. डेल निक्सन नावाचा माणूसच नाही, तो गिनच. या अल्बमची दुसरी बाजू हा वादाचा विषय, तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, चिखलातून चालल्यासारखी. फास्ट ऐकायला आलेली पोरं भडकली. पण वॉशिंग्टन राज्यातल्या मेल्व्हिन्ससारख्या पोरांनी ते कान देऊन ऐकलं आणि पुढच्या स्लज, ग्रंज वगैरे जड रॉक प्रकारांचा एक धागा थेट इथून निघतो. मिनिटभराच्या गाण्यांनी सुरू झालेल्या बँडने लोकांना हळू वाजवायलाही शिकवलं ते असं.

बासवर मग कीरा रेसलर आली. यूसीएलएमध्ये इंजिनिअरिंग शिकत होती, शिक्षण सांभाळून टूर करत होती. गिन, रॉलिन्स, कीरा, स्टीव्हन्सन ही लाईनअप कामाच्या बाबतीत सगळ्यात कष्टाळू, आणि १९८४ या एका वर्षात 'माय वॉर' धरून बँडचे तीन स्टुडिओ अल्बम आणि वर एक लाईव्ह. त्यातल्या 'फॅमिली मॅन'ची एक बाजू म्हणजे रॉलिन्सचं नुसतं बोलणं आणि दुसऱ्या बाजूला एक ट्रॅक सोडला तर शब्दच नाहीत, फक्त वाद्यं. त्या एका रेकॉर्डवरच कळतं की गायक एका दिशेला चाललाय आणि गिटारवाला दुसऱ्या. १९८५ मध्ये तर गिनने 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही पूर्ण वाद्यांची ईपी काढली, लांबलचक, भरकटणारी, आणि इथे तो ग्रेटफुल डेडचा फॅन बाहेर येतो बघा.

त्याच वर्षी स्टीव्हन्सन गेला, त्याच्या जागी अँथनी मार्टिनेझ. टूर संपल्यावर कीराही गेली, १९८६ मध्ये बासवर सेल रेव्हुएल्टा. कीरा पुढे सिनेमा-टीव्हीत डायलॉग एडिटर झाली आणि एमी अवॉर्ड घेऊन बसली, जे या सगळ्या मंडळींत मला सगळ्यात भारी वाटतं. शेवटची गिग २७ जून १९८६, डेट्रॉइट. ऑगस्टमध्ये गिनने रॉलिन्सला फोन करून सांगितलं की मी बँड सोडतोय. ज्याचा बँड, तोच सोडतोय! म्हणजे बँड बंद, दुसरा अर्थच नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. एसएसटी तोपर्यंत अमेरिकेतलं वजनदार छोटं लेबल झालं होतं, मिनटमेन, हस्कर डू, मीट पपेट्स, सॉनिक यूथ, डायनोसॉर ज्युनियर, साउंडगार्डनसुद्धा तिथून निघाले, आणि यांतल्या काहींचे रॉयल्टीवरून गिनशी वादही झाले. पेटीबॉनचं भावाशी फाटलं. रॉलिन्सने स्वतःचा बँड काढला, पुस्तकं, टीव्ही, बोलण्याचे कार्यक्रम. २००३ मध्ये मांजरांच्या संस्थेसाठी गिनने एक रियुनियन केलं, डेझ आणि रोबो होते, पण काही भागात गायला स्केटबोर्डर माईक व्हॅलेली आणि बासच्या जागी डेल निक्सन, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली टेप. फॅन लोकांनी डोक्याला हात लावला.

आणि मग २०१३. एकीकडे गिनने ब्लॅक फ्लॅग पुन्हा उभा केला, गायला तोच १९८० मध्ये स्टेज सोडून गेलेला रॉन रेयेस. दुसरीकडे मॉरिस, डुकॉव्स्की, स्टीव्हन्सन आणि डेझ एकत्र आले, गिटारला डिसेंडंट्सचा स्टीफन एगर्टन, नाव फक्त फ्लॅग. म्हणजे एकीकडे नाव आणि मालक, दुसरीकडे जुनी चार माणसं. दोन्हीकडे गाणी तीच. गिनने एसएसटीतर्फे केस ठोकली, त्यात रॉलिन्सलाही ओढलं कारण मॉरिस आणि त्याने मिळून ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता. ऑक्टोबरमध्ये जजने तात्पुरती बंदी घालायला नकार दिला, लोकांची या दोघांत गफलत होईल असं काही कोर्टाला वाटलं नाही. पुढे २०१४ मध्ये तडजोड झाली.

गिगचं बोलायचं तर त्या वर्षी फ्लॅगकडे बहुतेक लोक खूश होते, आणि गिनच्या बाजूला गिन मध्येच थेरेमिन वाजवत होता, हवेत हात फिरवून वाजवायचं ते वाद्य, तेही जुन्या हार्डकोर गाण्यांत. नवीन अल्बम 'व्हॉट द...' आला, त्याच्या कव्हरची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला कार्यक्रम संपायला दोन गाणी उरली असताना माईक व्हॅलेली, जो तेव्हा बँडचा मॅनेजर होता, स्टेजवर आला, रेयेसच्या हातातून माईक घेतला आणि तुझं काम संपलं म्हणून सांगितलं. उरलेली गाणी व्हॅलेलीनेच गायली. दोनच महिन्यांत तो अधिकृत गायकही झाला. रेयेसचं नशीब बघा, पहिल्यांदा स्वतः स्टेजवरून उतरला, दुसऱ्यांदा उतरवला गेला.

व्हॅलेलीबरोबर गिनने नंतर बरीच वर्षं टूर केल्या, 'माय वॉर' पूर्ण वाजवण्याच्या गिगही केल्या. २०२५ मध्ये त्याने पुन्हा पाटी पुसली. आता गायिका मॅक्स झनेली, बासवर डेव्हिड रॉड्रिगेझ, ड्रमवर ब्राइस वेस्टन, तिघंही गिनच्या नातवंडांच्या वयाची, आणि ही घोषणा झाल्या झाल्या हा खरा ब्लॅक फ्लॅग आहे का म्हणून वाद सुरू, जो १९७९ मध्ये मॉरिस गेला तेव्हाही झालाच होता. गायिका म्हणून बँडच्या इतिहासात पहिलीच, आणि तिला गायचंय काय, तर तेच 'डिप्रेशन', आता पाचव्या-सहाव्या गळ्यातून.